पडद्यावर ‘तुम्ही’, कानावर ‘तू’: एका स्पॅनिश ऐतिहासिक मालिकेच्या मराठी सबटायटलचं प्रकरण

पार्श्वभूमी

अठराव्या शतकातल्या माद्रिदमध्ये घडणाऱ्या एका स्पॅनिश मालिकेची मराठी सबटायटल करण्याचं काम आमच्या तिघांच्या गटाकडे आलं. एकूण ८ भाग, प्रत्येक भाग ७० मिनिटांच्या आसपास. स्पेनमध्ये रात्रीच्या मुख्य वेळेतल्या मालिका बऱ्याचदा एवढ्या लांब असतात. करारामुळे मालिकेचं, कंपनीचं आणि सोबत काम करणाऱ्यांचं नाव इथे देत नाही. पात्रांनाही नावाऐवजी नात्यानेच ओळखू या. ओळी मात्र जशा होत्या तशाच देते, कारण हे प्रकरण ओळींचंच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. ड्यूकच्या घरातली धाकटी मुलगी, वय २२. घोडदळातला एक अधिकारी, घराण्याने ‘इदाल्गो’, म्हणजे कुलीन खरा, पण ना किताब ना जमीन. दोघांचं एकमेकांवर मन बसतं. घरच्यांनी मुलीसाठी एक विधुर मार्केस, म्हणजे ड्यूकच्या खालच्या दर्जाचा सरदार, आधीच ठरवून ठेवलेला आहे. आणि वर्ष आहे १७७६.

हे वर्ष लेखकाने सहज निवडलेलं नाही. त्या वर्षी २३ मार्चला तिसऱ्या कार्लोस राजाने लग्नांबाबत एक फर्मान काढलं. २५ वर्षांखालच्या मुलामुलींनी वडिलांच्या संमतीशिवाय लग्न केलं, तर वारसा आणि हुंडा दोन्हींवर पाणी सोडायचं. बड्या सरदार घराण्यांना त्याशिवाय राजाची परवानगीही हवी. चर्चचा कायदा वेगळं सांगत होता. त्रेंतोच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी होकार दिला की लग्न लागलं, आईबापांची संमती नव्हती म्हणून ते रद्द ठरत नसे. म्हणजे देवळात लग्न खरं, आणि तेच लग्न घरात मुलीला कफल्लक करणारं. मालिकेतला सगळा पेच या फटीत उभा आहे.

या फर्मानाची झळ खुद्द राजाच्या सख्ख्या धाकट्या भावाला बसली. इन्फांते, म्हणजे राजपुत्र, लुईस. आठव्या वर्षी कार्डिनल केलेला, पुढे ते पद सोडलेला. त्याच १७७६ च्या जूनमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्याने आपल्यापेक्षा खालच्या दर्जाच्या घराण्यातल्या मारिया तेरेसा दे बायाब्रिगाशी लग्न केलं. परवानगी मिळाली, पण बायकोला दरबारात जागा नाही आणि मुलांना राजघराण्याचं बूर्बों आडनाव नाही, या अटीवर. कुटुंब माद्रिदपासून दूर आरेनास दे सान पेद्रोला राहिलं. तिथे १७८३-८४ च्या सुमारास चित्रकार गोयाने त्यांचं चित्र रंगवलं. काम सुरू झाल्यावर त्या चित्राची प्रत मी टेबलासमोर लावली होती. मधोमध केस विंचरून घेत बसलेली ती तरुण बायको, टेबलावर एक मेणबत्ती, शेजारी पत्ते मांडून बसलेला वयस्क नवरा, आणि डाव्या कोपऱ्यात खाली वाकून चित्र काढणारा गोया स्वतः. मालिकेत लुईस एकदाही दिसत नाही, पण घरातली मोठी माणसं मुलीला धाक घालतात तो त्याच्याच नावाने.

आता कामाची पद्धत. कंपनीकडून आम्हाला इंग्रजी टेम्प्लेट मिळालं. म्हणजे स्पॅनिश संवादांचं इंग्रजी भाषांतर, प्रत्येक ओळीला टाइमकोड, म्हणजे ती पडद्यावर कधी दिसायची ती वेळ, लावलेलं. त्या खाचांमध्ये आम्ही मराठी भरायचं. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, पडद्यावर एका वेळी दोनच ओळी. एक भाषांतरकार कोल्हापूरचा, दुसरी नाशिकची. दोघांनाही स्पॅनिश येत नव्हतं आणि येण्याची अटही नव्हती. मी भाषाप्रमुख. मला स्पॅनिश येतं. ही गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक याच ठिकाणी आहे.

अडचण

सबटायटलच्या कामात संज्ञांच्या यादीबरोबर एक तक्ता करावा लागतो. कोण कोणाशी एकेरीत बोलतं आणि कोण आदरार्थी, हे त्यात लिहिलेलं असतं. आम्ही त्याला ‘मान-तक्ता’ म्हणायचो. पहिले दोन भाग इंग्रजीतून वाचून मी तो तक्ता एका संध्याकाळी भरला. मुलगी आणि अधिकारी यांच्या रकान्यात लिहिलं: ‘तुम्ही; चौथ्या भागात हात हातात घेतल्यावर तू’. प्रेमकथा म्हटली की आपल्याकडे असंच होतं, असं मी गृहीत धरलं. इंग्रजीत सगळीकडे ‘यू’च होतं, त्यामुळे मला अडवणारं कोणी नव्हतं.

सहावा भाग करताना कोल्हापूरच्या सहकाऱ्याचा फोन आला. रात्रीचे अकरा वाजले असतील.

“ताई, एक विचारू का? मला स्पॅनिश येत नाही, पण हा माणूस ‘तू’ म्हणतोय.”

“कुठे?”

“मठातल्या जाळीपाशी. आधी इतके भाग झाले, त्याच्या तोंडून ‘तू’ असं कधी ऐकल्याचं आठवत नाही. इथे एकदम म्हणतो. आणि ती त्याच्या आधी ‘उस्तेद’ का काय म्हणते. आपल्यात तर ते चौथ्या भागापासूनच तू-तू करताहेत.”

मी हेडफोन लावून तो प्रसंग पाहिला. मुलीला घरच्यांनी मठात ठेवलं आहे. लग्नाचा वाद चालू असताना मुलीला मठात किंवा एखाद्या सभ्य घरात ताब्यात ठेवण्याची रीत त्या काळी स्पेनमध्ये खरोखर होती. भेटीच्या खोलीत लोखंडी जाळी. अलीकडे तो, पलीकडे ती. ती म्हणते, ‘नो मे त्रातेस दे उस्तेद’. टेम्प्लेटमध्ये त्याचं ‘इतकं औपचारिक बोलू नकोस’ अशा अर्थाचं एक सपाट इंग्रजी वाक्य होतं. तो गप्प राहतो. मग एकच शब्द उच्चारतो. ‘तू.’ पुढे थांबतो. मी मोजलं, जवळजवळ तीन सेकंद. मग उरलेलं वाक्य येतं.

स्पॅनिशमधला ‘तू’ आणि आपला ‘तू’ उच्चाराला एकच आहेत आणि अर्थालाही. दोन्हींचं मूळ एकाच जुन्या भाषेत जातं. शिवाय स्पॅनिशमध्ये सर्वनाम सहसा गाळतात, क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो. त्यामुळे ‘तू’ हा शब्द तोंडाने उच्चारला जातो तेव्हा तो मुद्दाम, जोर देऊन उच्चारलेला असतो. सहा भाग या दोघांनी एकमेकांना ‘उस्तेद’ म्हटलं आहे. ‘उस्तेद’ हे ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या दरबारी संबोधनाचं झिजलेलं रूप, आपल्या ‘आपण’च्या जवळ जाणारं. हात हातात घेतला तेव्हाही ‘उस्तेद’च होतं. ती दोघं कधीच एकांतात नसतात. दाई, पहारेकरी, भाऊ, जोगीण, कोणीतरी सतत ऐकत असतं. त्यांना एकमेकांना स्पर्श करायला एकच जागा उरली आहे आणि ती आहे हे सर्वनाम. लेखकाने ती जागा सहा भाग राखून ठेवली होती. आणि आम्ही ती चौथ्या भागातच खर्चून टाकली होती.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत याचा आणखी एक परिणाम होता. त्याला स्पॅनिश येवो न येवो, ‘तू’ ऐकू येणारच. नट ‘उस्तेद’ म्हणत असताना पडद्यावर ‘तू’, किंवा नट ‘तू’ म्हणत असताना पडद्यावर ‘तुम्ही’, हे कानाला खटकल्याशिवाय राहत नाही. इंग्रजी किंवा जपानी प्रेक्षकाला हे कळणार नाही. आपल्या प्रेक्षकाला लगेच कळतं.

मग मी मागचे-पुढचे सगळे भाग आवाज वाढवून ऐकायला बसले आणि यादी लांबतच गेली. आठव्या भागात, मार्केसशी लग्न ठरल्यावर, मुलगी अधिकाऱ्याला म्हणते ‘वायासे उस्तेद’. म्हणजे ‘तू’वरून ती जाणूनबुजून परत ‘उस्तेद’वर येते. आमच्या कच्च्या खर्ड्यातली ओळ होती ‘निघून जा’. त्यात राग होता. मूळ ओळीत राग नाही, तिने दार लावून घेतलेलं आहे.

उलट दिशेचीही चूक सापडली. मुलगी आपल्या म्हाताऱ्या दाईला स्पॅनिशमध्ये एकेरीतच हाक मारते आणि दाई तिला आदराने. नाशिकच्या सहकारीने दाईला ‘तुम्ही’ केलं होतं, कारण मोठ्या बाईला अरे-तुरे करणारी नायिका तिला उर्मट वाटली. तिचा संकोच मला समजतो. पण मग मुलगी दाईलाही ‘तुम्ही’ म्हणते आणि प्रियकरालाही ‘तुम्ही’, तेव्हा त्या घरातली उतरंडच दिसेनाशी होते. जिथे चाकराला जन्मापासून ‘तू’ आहे आणि प्रियकराला मागूनही मिळत नाही, तिथे तिची घुसमट आहे.

समोरचे पर्याय

त्या दिवशी शेवटच्या तारखेला नऊ दिवस उरले होते. पहिले तीन भाग कंपनीने स्वीकारले होते. चौथा आणि पाचवा तपासणीत होते, सहावा चालू होता.

पहिला निर्णय हाच होता, की हे कंपनीला कळवायचं की नाही. कळवलं तर तक्ता माझा होता, चूक माझ्या नावावर जाणार. न कळवता सहाव्यापासून गुपचूप बदल केले असते तर चौथ्या-पाचव्यातल्या ‘तू’मुळे सहाव्या भागातली ती ओळ आणखी विचित्र झाली असती. रात्रभर विचार करण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं, तरी मी रात्र घालवली. सकाळी मेल लिहिली.

दुसरा निर्णय जास्त अवघड होता. ‘उस्तेद’साठी मराठीत नेमकं काय वापरायचं?

नाशिकच्या सहकारीचा आग्रह पेशवाई थाटाचा होता. ‘आपण’, ‘सरकार’, ‘आईसाहेब’, आणि ड्यूकच्या तोंडी स्वतःसाठी ‘आम्ही’. तिचं म्हणणं असं, की १७७६ म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांचा काळ. आपल्या ऐतिहासिक मालिकांनी प्रेक्षकाच्या कानाला ही भाषा लावून ठेवली आहे, ती वापरली तर प्रेक्षक क्षणात त्या काळात जाईल. मुद्दा खरा होता. त्यात एक व्यावहारिक फायदाही होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे ‘तुम्ही’ची अक्षरं सहा भरतात आणि ‘आपण’ची तीन. ४२ च्या ओळीत तीन अक्षरं मिळणं छोटी गोष्ट नाही.

मला मात्र भीती होती की ती भाषा नुसती काळ आणणार नाही, जागाही आणेल. ‘आईसाहेब’ म्हटलं की डोळ्यांसमोर नऊवारी आणि देवघर उभं राहतं, जपमाळ घेऊन बसलेली काळ्या पोशाखातली डचेस राहत नाही. आणि ‘आम्ही’ तर सरळ चूक होती. स्पेनचा राजा फर्मानावर सही करायचा ती ‘यो एल रेय’ अशी. ‘मी, राजा’. एकवचनी ‘मी’. त्या दरबारातला सर्वांत मोठा माणूस स्वतःला ‘मी’ म्हणतो, तिथे ड्यूक ‘आम्ही’ म्हणायला लागला तर तो राजाच्याही वर बसतो.

कोल्हापूरच्या सहकाऱ्याचा पर्याय साधा होता: सगळीकडे ‘तुम्ही’, आणि मठात ‘तू’. दोनच पायऱ्या, प्रेक्षकाचा गोंधळ नाही. यात अडचण अशी, की आजच्या मराठी कानाला ‘तुम्ही’त फारसं अंतर जाणवत नाही. रिक्षावाल्यालाही आपण ‘तुम्ही’च म्हणतो. शिवाय डचेस मुलाशी, ड्यूक राजाशी, अधिकारी मुलीशी, सगळे एकाच पट्टीत आले असते.

‘अहो’चा विचार आम्ही दोन मिनिटांत सोडला. मुलीच्या तोंडी अधिकाऱ्यासाठी ‘अहो’ आलं असतं तर पहिल्याच भागात ती त्याची बायको वाटली असती.

शेवटी आम्ही मधली वाट घेतली. राजा, ड्यूक, डचेस यांच्याशी बोलताना ‘आपण’. मुलगी आणि अधिकारी यांच्यात ‘तुम्ही’, पण वाक्यरचना थोडी ताठ: ‘या ना’ नाही, ‘यावं’; ‘सांगा’ नाही, ‘सांगावं’. मठातल्या जाळीपाशी ‘तू’. दाईला सुरुवातीपासून ‘तू’. आईला ‘आई’, पण क्रियापद ‘आपण’चं. ‘आई, आपण ऐकून तर घ्यावं’ ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती परकी वाटली, आणि मग लक्षात आलं की ती परकीच वाटायला हवी. आपल्याकडे आई म्हणजे ‘तू’च. आईला ‘आपण’ म्हणावं लागणाऱ्या घराचा गारवा त्या एका ओळीत येतो.

काय केलं

कंपनीने उत्तर दिलं: स्वीकारलेले तीन भाग उघडता येणार नाहीत, चौथा आणि पाचवा एकदा बदलून देता येतील. नशिबाने पहिल्या तीन भागांत या दोघांचं ‘तुम्ही’च होतं, त्यामुळे मूळ धागा तुटला नव्हता. ‘आईसाहेब’ मात्र तिसऱ्या भागात दोन ठिकाणी आधीच गेलं होतं.

मग आम्ही उलट क्रमाने काम केलं. टेम्प्लेट बाजूला ठेवून मी फक्त आवाज ऐकत गेले आणि या दोघांच्या प्रत्येक ओळीसमोर एक खूण केली: उ किंवा त. शब्द ऐकू आला नाही तिथे क्रियापद ऐकलं. ‘विएने’ की ‘विएनेस’, शेवटच्या एका ‘स’वर सगळं अवलंबून. या खुणा हातात आल्यावर सहकाऱ्यांना स्पॅनिश येण्याची गरज उरली नाही.

जाळीपाशी त्या प्रसंगाची शेवटची मांडणी अशी झाली. तिची ओळ: ‘मला अहो-जाहो करू नकोस.’ स्पॅनिशमध्येही ती ही विनंती करतानाच स्वतः एकेरीवर आलेली असते, तेही ‘नकोस’मध्ये आलं. मग त्याचा ‘तू’. टेम्प्लेटमध्ये तो शब्द पुढच्या वाक्याला जोडून एकाच खाचेत होता, आणि त्यामुळे प्रेक्षकाने पूर्ण वाक्य आधीच वाचून टाकलं असतं. आम्ही खाच फोडली. पडद्यावर आधी नुसतं ‘तू...’, आणि तीन सेकंदांनी ‘तू आत जाणार नाहीस.’ टाइमकोडला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती, ती या एका जागेसाठी मागून घेतली.

‘वायासे उस्तेद’ने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. ‘आपण जावं’ हे अचूक होतं, पण थंड. आपल्याकडे निरोप घेताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. पाहुण्यालाही ‘जा’ नाही, ‘या’ म्हणतात. त्यामुळे ‘या आता’ या दोन शब्दांत पाहुण्याला दाराबाहेर ठेवण्याची ताकद आहे. ती ज्याला कालपर्यंत ‘तू’ म्हणत होती त्याला ‘तुम्ही या आता’ म्हणते. परत येण्याचं निमंत्रण ज्या शब्दात असतं त्याच शब्दाने ती त्याला घालवते. ही ओळ कोल्हापूरच्या सहकाऱ्याची. मी तिला एकही मात्रा लावली नाही.

हे सगळं दुरुस्त करताना एक वेगळाच दोष हाती लागला. पाचव्या भागात डचेसला एक निनावी पत्र येतं: मी त्या दोघांना बागेत पाहिलं, मी तिथे होतो, मी गप्प राहणार नाही, अशा आशयाचं. लिहिणारं कोण, बाई की पुरुष, हे सातव्या भागापर्यंत कळत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्या पुरुषाच्या क्रियापदावर लिंग दिसत नाही. मराठीत ‘मी होतो’ की ‘मी होते’ लिहिताच रहस्य फुटतं. आमच्या ओळीत ते फुटलेलं होतं. पण मराठीत याला वाटही आहे. ‘मी पाहिलं’, ‘मला दिसलं’ यांत बोलणाऱ्याचं लिंग लपतं, ‘मी सांगेन’मध्येही लपतं. पत्राच्या नऊ ओळी आम्ही फक्त याच रूपांत बसवल्या. ‘मी तिथे होतो’चं झालं ‘माझ्या डोळ्यांसमोर घडलं’. काही जागी ते मुळापेक्षा बरं वाटतं, असं मला आजही वाटतं.

मिळकतीच्या शब्दावरही थांबावं लागलं. ‘मायोरास्गो’ म्हणजे थोरल्या मुलाकडे अखंड जाणारी, विकता किंवा वाटता न येणारी मिळकत. सहकारीने ‘वतन’ लिहिलं होतं. वतनात मात्र भाऊबंदांच्या वाटण्या होत आल्या, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले. या कथेत तर मुलीला काहीच मिळणार नाही याचं कारणच मिळकत वाटता येत नाही हे आहे. आम्ही ‘थोरल्याची मिळकत’ असं उघड लिहिलं. ओळ लांबली, पण अर्थ निसटला नाही.

निकाल

काम एक दिवस उशिरा गेलं. दंड झाला नाही, पण पुढच्या कामासाठी आमचा दर वाढवून मागायचा होता ते मी त्या वर्षी मागितलं नाही.

पूर्ण भाग लागल्यावर मी सहावा भाग माझ्या मावशीकडे बसून पाहिला. तिला स्पॅनिश शून्य. आधीचे पाच भाग तिने दुपारच्या झोपेवर पाणी सोडून पाहिलेले. जाळीचा प्रसंग आला, तो ‘तू’ म्हणाला, आणि मावशी विणकाम मांडीवर ठेवून म्हणाली, “अगं, तू म्हणाला तो तिला!” मी काहीच बोलले नाही. चौथ्या भागातला हात तिला आठवतही नव्हता.

सगळं साधलं असं मात्र नाही. चौथ्या-पाचव्यात ताठ केलेली काही वाक्यं घाईत केल्याने कृत्रिम राहिली. ‘यावं, सांगावं, ऐकावं’ ओळीने तीनदा आलं की बोलणं सूचनाफलकासारखं वाटतं. तिसऱ्या भागात ‘आईसाहेब’ आणि चौथ्यात ‘आई’ ही उडी तशीच आहे, ती लक्षात आलेला एक प्रेक्षक तरी मला भेटला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, तक्ता कधी भरायचा. मी तो पहिले दोन भाग वाचून भरला. प्रेमकथेत मानाची पायरी बदलते ती शेवटच्या भागांत, त्यामुळे सगळे भाग ऐकून झाल्याशिवाय तो रकाना भरूच नये. आता आमच्या तक्त्यात तिसरा रकाना आहे, ‘कुठे बदलतं’, आणि त्यात भाग आणि मिनिट लिहिल्याशिवाय भाषांतर सुरू होत नाही.

दुसरी माझ्यापुरती. मला भाषा येत असूनही मी आवाज बारीक ठेवून टेम्प्लेट वाचत बसले, कारण टेम्प्लेट ‘अधिकृत’ होतं. ज्याला भाषा येत नव्हती त्याने ऐकलं. इंग्रजी मधे आलं की ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ तिन्ही एका भांड्यात पडतात, आणि मराठी माणूस ते वेगळे काढताना स्वतःच्या घरची सवय वापरतो. मीही तेच केलं. स्पॅनिश जाणणारा माणूस गटात नसेल तर निदान या खुणांसाठी, एका दिवसापुरता, बोलवावा. खर्च फार नसतो. गोव्यातली पोर्तुगीज जाणणारी मंडळीही यात मदत करू शकतील, पोर्तुगीजमध्येही ‘व्होसे’ हे ‘व्होसा मेर्से’चंच झिजलेलं रूप आहे आणि घरात कोणाला ‘तू’ म्हणायचं याचे नियम अजून जागे आहेत.

तिसरी गोष्ट पेशवाई भाषेबद्दल. मी ती जवळजवळ पूर्ण नाकारली. आज विचार करता राजासमोरच्या दोन प्रसंगांत ती चालली असती. पहिल्या भागात राजा एका सरदाराला म्हणतो ‘कुब्रीओस’, म्हणजे ‘टोपी घाला’. राजासमोर टोपी घालून उभं राहण्याचा हक्क ग्रांदे, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या सरदारांचा, आणि तो हुकूम देणं म्हणजेच माणसाला ग्रांदे करणं. इंग्रजी टेम्प्लेटवरून आमच्याकडे पहिल्या खर्ड्यात ‘अंग झाका’ आलं होतं, ते वेळीच पकडलं. पण ‘टोपी घाला’ हेही अपुरं आहे. आपल्या दरबारात उघड्या डोक्याने जाणं हाच अपमान, तिथे उलट. ‘शिरी मान असू द्या’ असं काही दरबारी वळणाचं लिहिलं असतं तर मानाचा अर्थ पोचला असता.

आणि एक चूक तशीच राहिली आहे. दुसऱ्या भागात राजा ड्यूकला पत्रात ‘प्रीमो’ म्हणतो. शब्दशः चुलत किंवा मावस भाऊ. स्पेनचा राजा सगळ्याच ग्रांदे लोकांना रिवाज म्हणून असं संबोधतो, त्यात रक्ताचं नातं नसतं. आमच्या सबटायटलमध्ये तिथे ‘चुलतभाऊ’ आहे. त्यामुळे प्रेक्षक समजतो की मुलगी राजघराण्यातली, म्हणून लग्नाला नकार. खरं तर ती नुसती ड्यूकची मुलगी आहे, आणि तेवढंच नकाराला पुरेसं आहे. तो भाग कंपनीने पुन्हा उघडला नाही. मी दर सहा महिन्यांनी विचारते.